मुलांचे ऑनलाइन पाळीव प्राणी: खेळू द्यावेत की बंदच करावेत?

गुहागरची आई (धागाकर्ती)
मुलगी चौथीत आहे. तिच्या वर्गात सध्या एकच विषय: कोणाकडे कुठलं पिल्लू. रोब्लॉक्स ह्या ऑनलाइन खेळांच्या मंचावर ‘अ‍ॅडॉप्ट मी’ हा २०१७ पासूनचा खेळ आहे. अंडं घ्यायचं, उबवायचं, पिल्लाला खाऊपिऊ घालायचं, न्हाऊ घालायचं, झोपवायचं. इथवर काहीच वावगं नाही. गोची पुढे आहे. पूर्ण वाढलेली चार एकसारखी पिल्लं एकत्र केली की एक चमकणारं ‘निऑन’ होतं आणि चार निऑनचं एक ‘मेगा निऑन’. म्हणजे एका मेगासाठी एकाच जातीची सोळा पिल्लं लहानाची मोठी करायची! एवढा वेळ नसेल तर पैसे आहेतच. खेळातलं चलन पिल्लं सांभाळून मिळतं तसं रोबक्स (म्हणजे रोब्लॉक्सचं स्वतःचं चलन) देऊनही मिळतं, आणि रोबक्सना खरे रुपये पडतात.

माझं मत: जनावराला जीव लावणं मुलांच्या हिताचं आहे. दुर्मीळ पिल्लाचा हव्यास ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आईबापांनीच रोखायला हवी. तुम्ही घरी काय करता?

मालवणचो दर्यावर्दी
ताई, ह्यां सगळां बंदच करूक व्हयां. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी, तेव्हा मी घरातच असतो आणि झिलाला, म्हणजे माझ्या पोराला, बघतो. पडवीत मांजरीने पिल्लं घातली तरी मान वर नाही, कारण मोबाईलमधलं पिल्लू उपाशी आहे म्हणे. अंड्यातून काय निघणार ते पैसे दिल्यावर कळतं. माझ्या लेखी हा जुगारच. बेल्जियमने २०१८ मध्ये खेळांतल्या ‘लूट बॉक्स’, म्हणजे आत काय आहे ते न कळता पैसे मोजून उघडायच्या पेट्या, जुगारात धरल्या. आपल्याकडे कोण धरणार?

चिपळूणचा मास्तर
दर्यावर्दी, तुमची कळकळ समजते, पण सरसकट बंदी पटत नाही. पडद्यावरचं जनावर काही आज आलेलं नाही. जपानच्या बांदाई कंपनीने १९९६ मध्ये तामागोची काढलं. मुठीत मावणारं यंत्र, आणि दुर्लक्ष केलं की आतला प्राणी मरायचा. २००५ मध्ये वेबकिंझ आलं: दुकानातून मऊ खेळणं घ्यायचं, त्याच्यासोबतचा कोड टाकला की तेच जनावर संगणकावर. तिथे निदान दुकानदाराच्या हातात पैसे आईबाप देत होते, काय घेतोय ते दिसत होतं. आता पोरगं एकटंच दुकानात बसलेलं असतं आणि दुकान मिटत नाही. बिघाड इथे आहे, खेळात नाही.

आणि कायद्याच्या भरवशावर राहू नका. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी घालतो. तुमच्या मुलाच्या फोनवर तो पहारा देणार नाही.

राजापूरची आजी
मी नातवाला सांभाळते. आमच्या वाडीत त्याच्या वयाचं दुसरं पोर नाही. निम्मी घरं कुलपात, गणपतीलाच उघडतात. मुंबईची चुलत बहीण त्याला संध्याकाळी त्या खेळात भेटते, दोघं मिळून कुत्र्याला फिरवतात. ते बंद करून मी त्याला काय देऊ? बंद करा म्हणणाऱ्यांनी ह्याचं उत्तर आधी द्यावं.

मालवणचो दर्यावर्दी
आजी, नातवाचं एकटेपण खरं आहे. पण बहिणीशी बोलायला फोन पुरतो, अंडी कशाला? माझ्या पुतण्याला कोणीतरी ‘आधी तुझं पिल्लू दे, मग मी देतो’ म्हणून लुबाडलं. पोर दोन दिवस जेवलं नाही.

गुहागरची आई
दादा, ह्याला मुलं ‘ट्रस्ट ट्रेड’ म्हणतात आणि ही निव्वळ फसवणूक आहे. खेळातल्या पिल्लांच्या अदलाबदलीच्या चौकटीत दोघांच्या वस्तू एकाच वेळी समोर दिसतात, दोघांनी पक्कं केल्याशिवाय व्यवहार होत नाही. त्या चौकटीबाहेरचं कुठलंही वचन खोटं, हे मुलीला शेजारी बसून दाखवलंय.

पैशाचं म्हणाल तर आपल्याकडे बऱ्याच मुलांना घरातला यूपीआय पिन पाठ असतो, कारण वाण्याकडे पैसे तीच देतात. आधी तो बदला. रोब्लॉक्सच्या खात्याला कार्ड जोडलेलं असेल तर काढा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अॅप, जोडलं तर मुलाने प्ले स्टोअरमधून काही घ्यायचं म्हटलं की परवानगी तुमच्याकडे मागितली जाते. खातं उघडताना वय खरं तेच टाका. वय वाढवून टाकलं की लहान मुलांसाठीची काही बंधनं निसटू शकतात.

मालवणचो दर्यावर्दी
पिन आजच बदलतो. पण दहा वर्षांच्या आत हा खेळ नकोच, ह्यावर मी ठाम आहे.

राजापूरची आजी
पासवर्डाचं सुनेला सांगते. खेळ मात्र चालू राहील.

गुहागरची आई
चालू ठेवा आजी, पण त्या बहिणीशिवाय त्याच्याशी आणखी कोण बोलू शकतं, तेवढं सुनेला चॅटच्या सेटिंगमध्ये बघायला सांगा. अनोळखी माणूस पिल्लू फुकट देतो म्हणाला तर मुलं लगेच भुलतात.