‘रांडेच्या’ लिहायचं की गाळायचं?

सुरंगी:
माझी आजी, म्हणजे आईची आई, मालवणजवळच्या एका वाडीत राहायची. गेल्या वर्षी गेली. शेवटची दोन वर्षं मी तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवत होते, सगळं मिळून अकरा तास भरलं. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती त्याची पुस्तिका करतेय. डाव्या पानावर तिची मालवणी, उजव्या पानावर प्रमाण मराठी, कारण मुंबई-पुण्यात वाढलेल्या भाचरांना मालवणी वाचायला जड जाते.

अडलंय ते असं. मामा बाहेरून उशिरा आला की आजी म्हणायची, “रांडेच्या, खंय गेल्लंस? पेज निवली मरे!” मामा साठीचा झाला तरी हेच, आणि हे म्हणतानाच त्याच्या ताटात सरंग्याची मोठी तुकडी पडायची. उजव्या पानावर काय लिहू? ‘लबाडा’ लिहिलं तर ती माझी आजी राहत नाही. तसाच ठेवला तर पुण्याची भाची म्हणते, “मावशी, छापू नकोस, माझ्या सासरचे वाचतील.” मी चिडून बोलून गेले की तुमच्या पिढीला कशाचंही लागतं. ती गप्प झाली. तेव्हापासून मन खातंय. प्रमाण मराठीत याला शब्द आहे का? आणि माझं चुकलं का?

तिरफळ:
काही चुकलं नाही. आमच्याकडे कणकवलीत वडील ‘तुम्ही’ म्हणायला लागले की समजायचं, आज घरात काही खरं नाही. ‘मेल्या’, ‘रांडेच्या’ म्हणतायत तोवर सगळं ठीक. ‘फटकी येवंदे तुका’ हे तर दिवसातून दहादा ऐकलंय. फटकी म्हणजे पटकी, कॉलरा. म्हणणाऱ्या बाईच्या मनात कॉलरा असतो का? शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. त्यांच्यातला मूळ अर्थ उकरून काढायचा आणि मग दुखलं म्हणायचं, हे अलीकडचं आहे. उजव्या पानावरही ‘रांडेच्या’च ठेवा. ज्यांना लागेल त्यांनी डावं पान वाचायला शिकावं.

गलबत:
मूळ संस्कृत ‘रण्डा’, अर्थ विधवा. मराठीतही आधी विधवा आणि मग वेश्या. ‘रंडकी’, ‘रांडपण’ हे शब्द पहिल्या अर्थाचेच. म्हणजे ‘रांडेचा’ हा आधी ‘विधवेचा मुलगा’ आहे. आई विधवा असणं हीच शिवी.

बाकी त्या वाक्यातला ‘मरे’सुद्धा भाषांतरात पकडा. पुष्कळ जण त्याला ‘मर रे’ समजतात आणि आजीने दोन शिव्या दिल्या असं धरतात. तसं नाही. बाईशी बोलताना आपण ‘मगो’ म्हणतो, ‘मर गो’ म्हणत नाही. ‘येतलंस मां?’, म्हणजे ‘येशील ना?’, मधला जो ‘मां’, त्याला ‘रे’ आणि ‘गो’ लागलेत, असं माझं मत.

तिरफळ:
मत चांगलं आहे, पण आमचे आजोबा ‘मरे’ हा ‘म्हण रे’चा अपभ्रंश सांगायचे.

गलबत:
मग ‘मगो’ कशाचा?

माडाची सावली:
मी दापोलीकडची. दोन दिवस लिहू की नको करत होते.

माझी आजी चोविसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात दोन मुलगे, त्यातले धाकटे माझे वडील. वाडीतली मुलं खेळता खेळता भांडली की एकमेकांना हीच शिवी द्यायची. दुसऱ्या मुलांना ती नुसती शिवी होती, घरी जाईपर्यंत विसरून जायची. माझ्या वडिलांसाठी ते त्यांच्या घराचं वर्णन होतं. ते मारामारी करायचे, आणि मग आजीकडे तक्रार यायची की तुझा मुलगा उगाच हात उचलतो, साधी गंमत कळत नाही. वडील आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. टीव्हीवर तो शब्द आला की अजून उठून ओटीवर जाऊन बसतात.

आमच्या इथलंच मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. ज्या किनाऱ्यावर विधवेला हे सगळं भोगावं लागलं, तिथे हा शब्द गुळगुळीत झाला असं म्हणायचं असेल तर कोणाच्या हातात गुळगुळीत झाला तेही सांगा. आम्ही हळवे झालेलो नाही. वडिलांना १९५५ मध्येही लागत होतं. तेव्हा कोणी विचारत नव्हतं, एवढाच फरक.

तिरफळ:
ताई, वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण सुरंगीताईंच्या आजीच्या तोंडचा शब्द वेगळा.

माडाची सावली:
शब्द तोच आहे हो. आजी वेगळी आहे.

घाटमाथा:
विषय थोडा सरकवतो. मी मूळचा कराडकडचा, चिपळुणात बावीस वर्षं शिक्षक आहे. इथल्या लोकांनी मला इतका जीव लावलाय की बदली मागितली नाही. पण आजही ‘आमचे घाटी सर’. मुलगी इथेच जन्मली, इथलंच बोलते. तिसरीत असताना तिने विचारलं, “बाबा, मी पण घाटीच का?” मला काही उत्तर देता आलं नव्हतं.

तिरफळ:
सर, घाटी म्हणजे घाटावरचा. दिशा सांगणारा शब्द आहे.

घाटमाथा:
मुंबईत अमराठी माणूस कोकण्यालाही घाटीच म्हणतो. तेव्हा ती दिशा असते का?

तिरफळ:
हे मान्य. तेव्हा माझंही डोकं फिरतं.

पण मग ‘चाकरमानी’चं बोला. २०२५ च्या गणपतीआधी उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की सरकारी कागदांत ‘चाकरमानी’ लिहू नका, ‘कोकणवासीय’ लिहा, कारण ‘चाकर’ अपमानकारक. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, तरी गावात उतरले की लोक म्हणायचे, “चाकरमानी इले!” त्या हाकेत लाडू, नवे कपडे, मनीऑर्डर, सगळं होतं. आणि ‘कोकणवासीय’ म्हणजे काय? गावात राहणारी माझी आईही कोकणवासीयच. मुंबईहून येणाऱ्याला वेगळा शब्द हवा, तोच काढून घेतला. आम्हाला न दुखणारी गोष्ट दुसऱ्यांनी आमच्या वतीने दुखवून घेतली, याचा मला राग आहे.

गलबत:
‘चाकर’ फारसी. यातल्या ‘मानी’ची व्युत्पत्ती ‘नोकरीचा मान असलेला’ अशी लोक लावतात, ती मला ओढूनताणून वाटते. पण तुमचा मुद्दा बरोबर. २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ सुचवलं होतं, त्याला बायकांनीच विरोध केला. ज्यांचा शब्द त्यांना विचारायला हवं होतं.

माडाची सावली:
मग माझ्या वडिलांनाही विचारा.

शेवरी:
नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदळे गावाने २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. आपल्याकडे व्हायला हवं.

तिरफळ:
आणि शिमग्यात काय करायचं? होळीभोवतीच्या फाका, म्हणजे शिव्यांच्या आरोळ्या, बंद? वर्षभराचं तुंबलेलं त्या रात्री बाहेर पडतं, म्हणून तर गाव टिकून आहे.

खाजणकाठ:
शिमग्याचं जाऊ द्या, बाकीच्या दिवसांचं सांगतो. आमच्या वाडीत एकाच नावा-आडनावाचे तिघे, त्यामुळे टोपणनावाशिवाय भागत नाही. कोण ‘काळो’, कोण ‘लांबो’. मी बोलताना अडखळतो, म्हणून ‘बोबडो’. पोस्टमनसुद्धा ‘बोबड्याचा घर खंयचा?’ विचारत यायचा. खरं तर मी तोतरा. बोबडा वेगळा, त्याचे उच्चार कच्चे असतात. चाळीस वर्षं नाव चिकटलं ते शब्द म्हणूनही चुकीचं.

मी नेहमी हसायचो. नाही हसलं की लगेच विचारत, “लागला काय रे?” आणि त्याला ‘होय’ म्हणायची सोय नसते. एकट्याने बोलताना अजून अडकतो. देवापुढच्या गाऱ्हाण्यात सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना कधीच अडकलो नाही. आता पनवेलला असतो. गणपतीला जातो, पण एसटीतून उतरून वाडीच्या मागच्या पाणंदीने घरी जातो.

तिरफळ:
भाऊ, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

गलबत:
‘तोतरा’साठी मालवणीत वेगळा शब्द आहे का, कोणी सांगेल?

सुरंगी:
एवढं सगळं वाचून काल रात्री रेकॉर्डिंग परत पहिल्यापासून ऐकलं. शेजारचा एक जण आजीकडे कायम यायचा. त्याचे वडील होडी घेऊन गेले ते परत आले नव्हते, तेव्हा तो पाळण्यात होता. आजी मामाला ‘रांडेच्या’ म्हणते, मामाच्या मित्रांना म्हणते, दूधवाल्याला म्हणते. हा आला की “ये रे झिला, बस.” झिला म्हणजे मुला. अकरा तासांत त्याला एकदाही म्हटलेलं नाही. तिथे असताना हे माझ्या नुसतं कानांवरून गेलं होतं, लक्षात आलं नव्हतं.

माडाची सावली:
सुरंगी, हे पुस्तिकेत नक्की घाला.

तिरफळ:
आईला फोन करून विचारतो, आमच्याकडे कोणाकोणाला म्हणत नसत ते.

सुरंगी:
भाचीला फोन केला. तिला हे सांगितलं. उजव्या पानाचं अजून ठरलेलं नाही.

गलबत:
आणि ‘निवली’चं काय करताय? ‘गार झाली’ लिहू नका. पुण्याच्या मुलांना ‘निवली’ कळेल.

घाटमाथा:
कळेल. आमच्याकडे दूध निवतं.