अनुभव धागा: डोक्यातून न जाणारा सीझन

नेरुळची_खिडकी:
काल माळा काढला. पाडवा तोंडावर आलाय आणि आईचं म्हणणं, वरचं अर्धं सामान तुझंच आहे. खोटं नाही म्हणा. जोडीतली एक समई कशात तरी गुंडाळलेली निघाली, सोडतोय तर फिकट निळा स्कार्फ. मुंबई सिटी फुटबॉल क्लब, २०१४. एका टोकाला तेलाचा डाग, दुसरीकडची झालर कुरतडलेली. समई राहिली बाजूला, मी तिथेच शिडीवर बसलो.

१८ ऑक्टोबर २०१४, शनिवार. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगचं पहिलंच वर्ष, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला आपली घरची पहिली मॅच, समोर पुणे. बुधवारी विधानसभेचं मतदान झालेलं, रविवारी निकाल, त्यामुळे रांगेत सगळ्यांच्या बोटांवर शाई. घरी दिवाळीची धांदल. बाबांना ऐन वेळी सेकंड शिफ्ट लागली आणि तिकीट फुकट जाऊ नये एवढ्याच कारणाने आई आली. चकल्यांचा शेवटचा घाणा काढून, साडीवर स्वेटर घालून. ऑक्टोबर हीटमध्ये स्वेटर, कारण 'मैदानात वारं असतं'.

गेटवर कळलं की नाणी आत नेता येत नाहीत. आईने पर्समधली सगळी नाणी बाहेरच्या शेंगदाणेवाल्याला दिली आणि पुड्या घेतल्या. मग कळलं पुड्याही नेता येत नाहीत. टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता. गेटच्या कडेला उभं राहून आम्ही दोघांनी सहा पुड्या संपवल्या. आतून आरडाओरडा ऐकू येतोय, मी घाई करतोय आणि आई म्हणतेय, नीट चाव, ठसका लागेल.

५-० जिंकलो. आंद्रे मॉरित्झची हॅटट्रिक, आयएसएलमधली पहिलीच. आईने नाव ऐकलं 'मोरे'. शेवटपर्यंत मोरेच. तिसऱ्या गोलला ही बाई खुर्चीवर उभी. 'मोऱ्यांचा मुलगा चांगला खेळतो हो,' असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं. त्यानेही मान डोलावली.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आठ टीममध्ये सातवे. आपले परदेशी स्टार कसले, आनेल्का सुरुवातीला बंदी भोगत बाहेर, ल्युंगबर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मॅच खेळला. मी मात्र त्या सीझनला घरची एकही मॅच सोडली नाही. मग २०१६ ला टीम अंधेरीला गेली. २०२१ ला शील्ड (टेबलात पहिलं आल्याची) आणि कप (फायनल जिंकल्याचा) दोन्ही आले, तेही गोव्यातल्या रिकाम्या स्टेडियममध्ये. २०२४ चा कप कोलकात्यात. जिंकताना मी कधीच तिथे नव्हतो आणि सातवे येताना रोज होतो. म्हणून माझा सीझन तोच.

तुमचाही लिहा. टीम कुठलीही चालेल. इंग्लंडवाल्यांनो, तुम्हीही या, फक्त ट्रॉफ्या मोजत बसू नका.

कळवा_फास्ट:
मोरे!! हाहाहा. लोकलमध्ये वाचतोय, शेजारचा बघायला लागलाय.

घाटकोपर_ब्रिज_पीडित:
२०१६. नोटाबंदी. बस, यात सगळं आलं.
बरं, थोडं लिहितो. सेमीफायनलची दुसरी मॅच अंधेरीला, डिसेंबरमधला मंगळवार. टेबलात पहिले आलो होतो आपण! कोलकात्यात ३-२ हरून आलो आणि वर आपला स्टार फोर्लान, त्याला तिकडे रेड कार्ड, म्हणजे घरच्या मॅचला तोच नाही. माझ्या खिशात दोन हजारांची एकच नोट. वडापाववाला हात जोडतो, पाणीवाला हात जोडतो. हाफटाइमला मागच्या रांगेतल्या काकांनी अर्धं सँडविच दिलं, नाव ना गाव. एक गोल हवा होता. नाही झाला, ०-०. आझाद नगरपर्यंत कोणी बोललं नाही. मेट्रोत पण नाही. घाटकोपरच्या पुलावर एकजण नुसता 'फोर्लान असता तर' म्हणाला आणि आम्ही अख्खा जिना त्यावर भांडत उतरलो. ठाण्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेलेले, रिक्षावालासुद्धा दोन हजार बघून हात जोडतो. चालत गेलो वर्तकनगर.

सीवूड्सवाला:
काकांचं सँडविच, अरे तेव्हा लोक एटीएमच्या रांगेत नंबर धरून ठेवायचे एकमेकांसाठी. माझं लग्न होतं त्या महिन्यात. बँडवाल्याला चेक दिला होता. तो किस्सा वेगळ्या धाग्यात.

घाटकोपर_ब्रिज_पीडित:
काढाच तो धागा.

ऐरोलीची_आई:
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही. लेकाला मात्र नेमार म्हणजे देव. २०२३ ला कळलं की त्याची सौदीतली टीम अल हिलाल मुंबई सिटीशी खेळायला भारतात येणार आणि मॅच चक्क नेरुळला. तिकिटं काढायचं वचन देऊन बसले. १८ ऑक्टोबरला सकाळी उठतोय तर बातमी, ब्राझीलच्या मॅचमध्ये नेमारचा गुडघा गेला. पोरगा दूध न पिता शाळेत गेला.
तरी ६ नोव्हेंबरला गेलोच. सोमवार, मॅच साडेनऊची, दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट. पिवळी जर्सी घालूनच आला. आधी तिकडे रियाधला आपण सहा खाल्ले होते, इथे दोन. येताना रिक्षात झोपेतच म्हणाला, 'मम्मी, आपण चार वाचवले.' शिट्टी झाली, जाते.

जुईनगर_जंक्शन:
ताई, युनिट टेस्टचं काय झालं ते लिहा आधी

ऐरोलीची_आई:
वीसपैकी अकरा. गणित. आमच्या ह्यांना अजून माहीत नाही, इथे कोणी सांगू नका.

घोडबंदर_रेड:
मँचेस्टर युनायटेड. २०२४-२५. पंधरावा नंबर, ४२ पॉइंट. आता हसून घ्या.
वडील रिटायर्ड मास्तर. दर सोमवारी चहाच्या वेळी पेपर खाली न करता विचारणार, 'कितवा आला रे?' मी सांगायचो, तेरावा, चौदावा. एकदा म्हणाले, 'आमच्या वर्गात चौदावा आलेला आज मंत्रालयात आहे, धीर सोडू नकोस.'
शेवटी युरोपा लीगची फायनल उरली. बिल्बाओ, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, मेमधला उकाडा. बाळ झोपलेलं म्हणून आवाज बंद, पंखा एकवर. समोर टॉटनहॅम, तेही लीगमध्ये सतरावे. पंधराव्याला सतराव्याने हरवलं, १-०. ओरडताही येईना, शिवीही देता येईना, नुसतं उशीत तोंड खुपसून बसलो. बायको पाण्याला उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, 'ऑफिसचं काही झालं का?' हो म्हटलं. खरं सांगायची हिंमत नव्हती.

वसंतविहार_गनर:
आर्सेनल. २४८ दिवस. २०२२-२३. एवढे दिवस टेबलात पहिले होतो आणि लीग मँचेस्टर सिटीने नेली. जास्त बोलवत नाही.

घोडबंदर_रेड:
२४८ म्हणजे आठ महिने. भाडेकरूसुद्धा अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट पूर्ण करतो रे

वसंतविहार_गनर:
पंधराव्या मजल्यावरून बोलू नका

सीवूड्सवाला:
हाहाहाहा. दोघेही या मामलेदारला, तिखट मिसळ खाऊन मोकळे रडा. कोणी विचारलं तर सांगा कट तिखट होता.

नेरुळची_खिडकी:
मास्तरांना नमस्कार सांगा!

खारघर_लेफ्ट_बॅक:
थोडं वेगळं आहे, चालेल का? क्लब नाही, आपली महिला टीम. जानेवारी २०२२, एशियन कप, नवी मुंबईतच. मी कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट बॅक होते. मैदानावर ट्रॅकपँट घालून गेलं तरी पहिल्या मजल्यावरच्या आजी घरी निरोप पाठवायच्या, असे दिवस. तर भारत-इराण ०-०, आम्ही टीव्हीपुढे केस उपटत बसलेलो, तीन तरी व्हायला हवे होते. पुढची मॅच रविवारी २३ तारखेला, चायनीज तैपेईशी. आम्ही सहाजणी एकीच्या घरी जमलो, तिच्या आईने साबुदाणा वडे करायला घेतले. टीव्ही लावला आणि कळलं, मॅच नाही. टीममध्ये इतक्या जणी कोविड पॉझिटिव्ह की तेरा खेळाडूसुद्धा उभ्या करता येईनात. स्पर्धेतूनच बाहेर. आपल्याच घरी.
वडे तळून झाले होते. खाल्ले. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन दोन तास खेळलो, तीन विरुद्ध तीन, वॉचमन काका शिट्टी वाजवायला. त्या आजी गॅलरीत होत्या, काही बोलल्या नाहीत.

ऐरोलीची_आई:
वाचून पोटात गलबललं गं. अजून खेळतेस?

खारघर_लेफ्ट_बॅक:
रविवारी, टर्फवर. गुडघा कुरकुरतो. दहावीच्या दोन मुलींना शिकवते पण.

ठाणे_पश्चिम_पालक:
विषयाला सोडून विचारतोय, माफ करा. मुलगा नऊ वर्षांचा, टर्फवर घालतोय. लांब स्टडवाले शूज घ्यायचे की साधे? दुकानदार महागातले गळ्यात मारतोय

खारघर_लेफ्ट_बॅक:
लांब स्टड अजिबात नको. टर्फ शूज मिळतात, खाली बारीक रबरी ठिपके असतात ते. एक नंबर मोठा घ्या फार तर, दोन नको, फोड येतात.

ठाणे_पश्चिम_पालक:
दोन नंबर मोठाच घेणार होतो! आभारी आहे

कळवा_फास्ट:
घरी पोचलो, आता सविस्तर. १३ मार्च २०२१, गोव्यातली फातोर्डाची फायनल. घरात नेट चालेना म्हणून गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, मोबाइलवर. मोहन बागानने आधी मारला, मग त्यांच्याच तिरीचा सेल्फ गोल. १-१. स्टेडियम रिकामं, टीव्हीवाले प्रेक्षकांचा रेकॉर्डेड आवाज सोडतायत. नव्वदाव्या मिनिटाला आपल्या बिपिनचा गोल. मी जो ओरडलो! पूर्ण कळव्यात तेव्हा मुंबई सिटीचा मी एकटाच असेन.
दोन मिनिटांत खालच्या दोन मजल्यांचे दिवे लागले. तिसऱ्या मजल्यावरचे काका मास्क नाकावर चढवत वर आले. 'कोण गेलं रे?' विचारलं. त्या दिवसांत रात्री कोणी ओरडलं की हाच अर्थ व्हायचा. म्हटलं, कोणी नाही काका, आपण जिंकलो. ते 'बरं बरं' म्हणाले, कठड्याला धरून जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, 'दाखव बघू.' रिप्ले पाहिला दोघांनी. सहा फुटांचं अंतर ठेवून, मोबाइल मध्ये टाकीवर.
मेमध्ये काका गेले. कोविडच.

घाटकोपर_ब्रिज_पीडित:
अरे.

सीवूड्सवाला:
काय लिहू. आमच्या विंगमधले पण दोन.

वसंतविहार_गनर:
बिपिनने २०२४ च्या फायनललाही मारला होता ना? त्याच मोहन बागानला, ३-१.

कळवा_फास्ट:
हो. सॉल्ट लेक, साठ हजार माणसं. लीग शील्डसुद्धा आपण तिथेच घालवली होती, जेमतेम तीन आठवडे आधी. तेव्हापण गच्चीवरच पाहिली. टाकी बदललीय आता, प्लॅस्टिकची बसवली.

जुईनगर_जंक्शन:
नेरुळला परत मॅच व्हायला हव्यात राव. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने नेरुळ, रिक्षा, बास. अंधेरीला जाणं म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा.

घोडबंदर_रेड:
आमच्यासाठी नेरुळ पण परगावच. घोडबंदरवरून ठाणे स्टेशनला येईपर्यंत हाफटाइम होतो.

सीवूड्सवाला:
आधी लीग तरी धड होऊ दे. जुलै २०२५ ला थांबली, डिसेंबरमध्ये मुंबई सिटीचे मालक सिटी ग्रुपवाले निघून गेले, २०१९ पासून होते. ते गेल्याचं मला दुःख नाही, पण पाहुणे निघाले की घर ओकंबोकं वाटतंच.

नेरुळची_खिडकी:
सगळ्यांचं वाचतोय. दुपारी आईला वाचून दाखवलं. सँडविचवाल्या काकांचं आवडलं तिला, तुमच्या टाकीवाल्या काकांचं ऐकून उठून आत गेली, मग बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.
स्कार्फ धुतला. डाग गेला नाही, समईचं तेल आहे ते, अकरा वर्षांचं. मी म्हटलं फ्रेम करून लावतो. ती म्हणाली, मग समई कशात गुंडाळू? जुनं बनियन दिलं, नको म्हणाली, मऊ नाही.
आणि मगाशी विचारत होती, मोरे हल्ली कोणाकडून खेळतो.

जुईनगर_जंक्शन:
सांगा, ठाण्याला फ्लॅट घेतला त्याने. घोडबंदरला. अजून स्टेशनला पोचायचाय.