'इन्सिक्युअर'ला मराठीत काय म्हणाल?

अंकवाली: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'यू हर्ट माय फीलिंग्स' (2023) या सिनेमावर लिहितेय. न्यूयॉर्कमधली लेखिका बेथ. नवरा डॉन तिच्या कादंबरीचा प्रत्येक खर्डा वाचून वाहवा करत आलेला. एकदा दुकानात तो साडूला सांगत असतो की पुस्तक काही आवडलं नाही, आणि ते हिच्या कानावर पडतं! पण इन्सिक्युअर सगळेच. समुपदेशक डॉन, नट असलेला साडू, सगळे. मी 'असुरक्षित' लिहिलं, तर संपादक म्हणतात, "का, दाराला कडी नाही?"

जुनाजाणता: न्यूनगंड. विषय संपला.

वऱ्हाडी ठेचा: कसा संपला? गंड मुरलेला असतो. हिला धाकधूक आहे. बाकी डॉननं केलं ते तोंडदेखलं कौतुक.

माजघर: तोंडदेखलं अजिबात नाही! त्यात माया नसते. डॉन करतो ते मन राखणं. माझ्या सासूबाईंनी बावीस वर्षं माझ्या पुरणपोळ्या "छान" म्हणत खाल्ल्या. मग नणंद बोलून गेली, "आईला तुझी पोळी चिवट लागते." पोळीचं नाही हो, बावीस वर्षांचं वाईट वाटलं. सिनेमातसुद्धा न आवडणारी कानातली आणि व्ही गळ्याचे स्वेटर निघतातच की.

व्युत्पत्तीवेडा: तोंडदेखलं हे सूनमुख पाहण्यावरून आलं असणार. नव्या सुनेला कोण नावं ठेवतं?

वऱ्हाडी ठेचा: काहीही! 'देखणे'चं देखला. हिंदीत मुँहदेखी आहेच. तिथं कुठली सून?

जुनाजाणता: मन राखणं शास्त्रसंमत आहे. अप्रिय सत्य बोलू नये, असं मनुस्मृतीतच आहे.

माजघर: पुढचा चरण सोयीनं गाळलात. 'प्रियं च नानृतं ब्रूयात्'. गोड खोटंही नको. म्हणजे डॉननं गप्प बसायचं. आता बायको खर्डा हातात देऊन समोर बसल्यावर गप्प बसून दाखवा!

अंकवाली: पण माझा शब्द?

रोमन घाट: 'इन्सिक्युअर'च ठेवा. माझी आईसुद्धा म्हणते.

जुनाजाणता: ठेवा, ठेवा. उद्या साडूला को-ब्रदर म्हणा.

रोमन घाट: हैदराबादला माझा साडू मला तेच म्हणतो.

व्युत्पत्तीवेडा: साडू संस्कृत 'श्यालीवोढृ'वरून, बरं का.

वऱ्हाडी ठेचा: झालं सुरू.