बंदुकीची शिकार आणि रोजची शाळा-स्टेशन, दोन्हीला एकच गाडी: डस्टर, जिम्नी, फॉरेस्टर की पिकअप?

रानवाट

हॅरोगेटला राहतो (यॉर्कशायर, इंग्लंड). निडरडेलमधल्या दोन शेतांवर कबुतरं आणि ससे मारायची लेखी परवानगी आहे. घरापासून पंधरा मैल. हिवाळ्यात तीन-चारदा रो जातीच्या लहान हरणाच्या मादीसाठी रायफल घेऊन जाणं होतं. आत्ताची हॅचबॅक शेताच्या फाटकातच अडकते, म्हणून बदलायची आहे.

रोजचा वापर असा: मुलांची शाळा आणि पुढे स्टेशन, एका वेळेला तीन-चार मैल, दिवसातून दोनदा. मुलं दोन, दोघांना बूस्टर सीट लागते. एक लॅब्राडोर. ट्रेलर नाही. बजेट १५ हजार पौंड, जुनी गाडी चालेल.

डोक्यात जिम्नी, डस्टर डिझेल, फॉरेस्टर आणि इसुझु डी-मॅक्स डबल कॅब (चार दारांचा पिकअप) आहेत. लो-रेंज (सावकाश पण जोरकस चालण्याचा जादा गिअर-संच) खरंच लागतो का? डिझेल घ्यावं का? आणि बंदुका गाडीत नीट कशा ठेवायच्या?

(शिकार योग्य की अयोग्य यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे हेही माहीत आहे.)

डिफलॉक

तुमच्या यादीतली पहिली काट डिझेलवर मारा. गाडी कुठली ते नंतर बघू.

रोज तीन-चार मैल म्हणजे इंजिन धड तापायच्या आत बंद. डिझेलच्या एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, स्वतःला साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. त्यासाठी गाडी जादा डिझेल फवारते आणि सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालणं गरजेचं असतं. तुम्ही मध्येच शाळेसमोर चावी काढलीत की ती प्रक्रिया अर्धवट राहते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर समजा हेच चाललंय. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो फार दिवस काढत नाही. रविवारचे पंधरा मैल आठवडाभराची काजळी जाळायला पुरतीलच असं नाही. जुन्या बाजारात डस्टर फोर-बाय-फोर बहुतेक डिझेलच सापडते, म्हणून ती बाद. गाडी वाईट नाही, तुमचा मार्ग तिच्या प्रकृतीला मानवणारा नाही.

जिम्नी. चिखलात या यादीतली सगळ्यात हुशार: शिडीसारखी चेसिस (लॅडर फ्रेम), पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, लो-रेंज, जमिनीपासून २१० मिमी उंची (ग्राउंड क्लिअरन्स) आणि वजन जेमतेम ११०० किलो. पण मागच्या सीट उभ्या असताना डिकी ८५ लिटर. दोन मुलं बसली की लॅब्राडोर कुठे, आणि कुत्रा बसला की मुलं कुठे? २०२१ पासून इथे आलेली व्यापारी जिम्नी तर दोनच सीटची. आणखी एक: तिच्यात पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअर, नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि फोर-व्हील लावलेलं असेल तर तो फरक जायला वाट नसते. ओल्या गवतावर चाक जरा घसरून हिशेब मिटवतं, कोरड्या डांबरावर तो पीळ गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो. म्हणजे ओला-कोरडा, ओला-कोरडा अशा गावच्या रस्त्यावर सतत लिव्हर हलवत बसायचं. डी-मॅक्स, हायलक्स या पिकअपचंही बहुतेक असंच.

लो-रेंज तुम्हाला नको. तो लागतो तीव्र उतारावर इंजिनाच्या जोरावर उतरायला, खडकावर मुंगीच्या पावलाने चढायला, किंवा जड ट्रेलर चढावर हलवायला. तुमची अडचण फाटकातली आहे. गुरं रोज तिथूनच ये-जा करतात, तुडवून तुडवून मीटरभर रुंद राड करतात, आणि खाली चिकणमाती. तिथे ताकद कमी पडत नाही, पकड कमी पडते. पकड टायर देतं आणि चारही चाकांना वाटून दिलेला जोर देतो.

म्हणून उरतात दोन. फॉरेस्टर पेट्रोल, कायम चारही चाकं फिरणारी, २२० मिमी क्लिअरन्स, डिकी चौकोनी आणि उघडी. किंवा तुमच्या यादीत नसलेली सुझुकी विटारा ऑलग्रिप (फोर-व्हील), १.४ बूस्टरजेट पेट्रोल. क्लिअरन्स १८५ मिमी, फॉरेस्टरपेक्षा कमी, पण वजन १.२ टनांच्या आसपास आणि ओल्या कुरणात हलकी गाडी निम्मी लढाई जिंकून येते. नॉबवर ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. फाटकात शिरायच्या आधी लॉक करायचं, रुतल्यावर नाही. ऑटोमध्ये मागच्या चाकांना नेमका जोर मिळेपर्यंत पुढच्यांनी आपापला खड्डा खणलेला असतो.

वेल्सकर

डिफलॉक यांच्याशी बाकी सहमत, पण पिकअप एका ओळीत उडवू नये. ज्याला क्वाड बाइकचा ट्रेलर ओढायचा आहे किंवा आठवड्याला हरणं बाहेर काढायची आहेत त्याला साडेतीन टन ओढणारी डी-मॅक्सच हवी. रक्त, चिखल, ओले डिकॉय (नकली कबुतरं) सगळं मागे, केबिन कोरडी. तुमचं तसं नाही हे मान्य.

पिकअप घेणाऱ्यांना सहसा कोणी न सांगणारी गोष्ट सांगतो. गाडीचं रिकामं वजन २०४० किलोच्या वर गेलं तर कायद्याने ती दुहेरी वापराची गाडी राहत नाही आणि मालवाहू व्हॅनची वेगमर्यादा लागते: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ६० ऐवजी ५० मैल, दुभाजक असलेल्यावर ७० ऐवजी ६०. काही डबल कॅब मॉडेल या रेषेच्या अलीकडे आहेत, काही पलीकडे. नेमकं वजन बघूनच पैसे द्या. ब्रॅडफर्ड आणि शेफिल्डच्या क्लीन एअर झोनमध्येही (जुन्या, धुराड्या गाड्यांना शुल्क लागणारा भाग) खासगी कारला पैसे पडत नाहीत, पण व्हॅन वर्गातल्या जुन्या डिझेलला पडतात.

आता बंदुका. नियम साधा आहे: दिसू नये, हाताला लागू नये. स्लिपमध्ये (बंदुकीची पिशवी), कुलूपबंद डिकीत, वरून झाकण किंवा जाड कापड. गाडी सोडून जावंच लागलं तर शॉटगनचा फोर-एंड (नळीखालचा सुटा भाग) आणि रायफलचा बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) काढून खिशात न्यायचा. म्हणजे गाडी फोडली तरी चोराच्या हाती चालणारं हत्यार लागत नाही. रायफलच्या गोळ्या वेगळ्या कुलपात. डिकीच्या फरशीतल्या हुकाला पोलादी केबल अडकवून ती ट्रिगर गार्डमधून घेता येते, किंवा बोल्टने आवळलेली पेटी बसवता येते. पिकअपच्या मागच्या कापडी झाकणाला कुलूप समजू नका, ब्लेडने दहा सेकंदांचं काम आहे. रात्रभर गाडीत बंदूक अजिबात नाही, दारात उभी असली तरी नाही.

आणि मागच्या काचेवर फेझंट पक्ष्याचं किंवा काडतूस कंपनीचं स्टिकर लावू नका. आत काय आहे त्याची ती जाहिरात असते.

गाडी बघायला जाताना टेप घेऊन जा. ३० इंची नळीची ओव्हर-अँड-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची शॉटगन) जोडलेली असताना साधारण १२० सेंटिमीटर भरते, सुटी केली तर ८० च्या आत येते. सायलेन्सर लावलेली रायफल बहुधा ११० च्या पुढे. विटारात सीट न पाडता ती आडवी मावत नाही. सायलेन्सर काढून तिरपी ठेवून बघा, किंवा मागची सीट ६०:४० मधली लहान बाजू पाडा. मग त्या दिवशी मागे एक जागा कमी होईल, हे आधीच धरून ठेवा.

पाना_नं_१७

गाडी कुठलीही घ्या, जुनी घेताना हे तपासा.

१. चारही टायर. मेक एक, साइज एक, आणि झीज जवळजवळ सारखी. फॉरेस्टरसारख्या कायम चार चाकं फिरवणाऱ्या गाडीत झिजेतला फरक दीड मिमीच्या वर नको. कमी झिजलेलं चाक व्यासाने मोठं, म्हणजे ते प्रत्येक मैलाला कमी फेरे घेतं आणि मधला क्लच दिवसभर घसरत राहतो. विक्रेत्याने पुढचे दोनच नवे टाकलेले दिसले तर किमतीत चार टायर धरून बोला.

२. कोरड्या, मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून चालण्याच्या वेगाने गोल फिरवा. मग दुसऱ्या बाजूला. गाडी धक्के देत, आखडत फिरली तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं कपलिंग अडकलंय किंवा टायर विजोड आहेत.

३. उलट चाचणी: ओल्या गवताच्या चढावर किंवा सुट्या खडीवर जोरात सुटा. दुसऱ्याला बाहेर उभं करा. पुढची चाकं माती उडवताहेत आणि मागची निवांत, म्हणजे फोर-व्हील फक्त बॅजवर आहे. स्कोडा, फोक्सवॅगनच्या हॅल्डेक्सवाल्या (मागच्या चाकांना जोर देणारा क्लच) गाड्यांत हे खूप दिसतं. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये बदलता येणारा फिल्टर नाही, पंपावर बारीक जाळी आहे. क्लचची भुकटी त्यात बसते, पंप दमतो, जळतो, आणि डॅशवर बऱ्याचदा दिवाही लागत नाही. तीन वर्षांनी ऑइल बदलताना पंप काढून जाळी धुतली पाहिजे. नुसतं ऑइल बदलल्याचं बिल असेल तर ते अर्धंच काम.

४. गाडीच्या नंबरावरून एमओटीचा (वार्षिक तपासणीचा) इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो. ‘पास’ बघून थांबू नका, खालच्या सूचना वाचा. ‘गंज’ हा शब्द तीन वर्षं लागोपाठ आला असेल तर खाली झोपून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिस आणि मागच्या सस्पेन्शनचे सांधे ठोका. टणक आवाज ठीक. बद्द आवाज आला की उठा, कपडे झटका, घरी जा. इथलं रस्त्यावरचं मीठ चेसिस आतून खातं. बाहेरून नुकताच काळा रंग फासलेला असेल तर संशय दुप्पट.

५. स्टेपनी. बऱ्याच गाड्यांत चाकाऐवजी फेसाची बाटली आणि छोटा पंप असतो. खिळ्याच्या भोकाला ठीक. धसकटाने किंवा काटेरी तारेने टायरची बाजू फाटली तर फेस बाहेरच येतो.

ओढायच्या दोरीबद्दल एक. ती टो-बॉलवर (ट्रेलर जोडायचा गोळा) कधीही अडकवू नका. झटक्याने बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा मागच्या गाडीच्या काचेतून जातो. बंपरमधला आट्यांचा हुक सरळ रेषेत, हळू ओढण्यापुरता आहे.

रानवाट

सगळ्यांचे आभार. डिझेल आणि जिम्नी दोन्ही खोडल्या. विटारा आणि फॉरेस्टर दोन्ही चालवून बघतो, टेप नेईनच. राहिला प्रश्न टायरचा. पूर्ण चिखलाचे टाकू का? आणि शेतकऱ्याचं कुरण खराब होऊ नये यासाठी काय?

डिफलॉक

पूर्ण चिखलाचे नकोत. ओल्या डांबरावर ब्रेक लांबतो, आवाज होतो, आणि तुमची नव्वद टक्के धाव शाळेकडेच आहे. बाजूला तीन शिखरांत हिमकण असं चिन्ह असलेले ऑल-सीझन घ्या. विटाराचा साइज २१५/५५ आर १७. कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी ४ मिमीच्या खाली ओल्या गवतावर त्यांचा उपयोग संपतो. उरलेलं शहरात झिजवायचं असेल तर हिवाळ्याआधी बदला.

फाटकात शिरण्याआधी हवा २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर लांबट बसतो आणि वजन पसरतं. त्या हवेवर शेतातच, सावकाश. रस्त्याला लागण्याआधी १२ व्होल्टच्या कंप्रेसरने परत भरायचीच, त्याला दहा-पंधरा मिनिटं धरा.

रुतलात तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. चाक जागच्या जागी फिरलं की दोन सेकंदांत सोडा, आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्सने बाहेर या. तेही जमलं नाही तर फावड्याने चाकापुढची माती काढून प्लास्टिकच्या पट्ट्या घाला. दोन पट्ट्या आणि घडीचं फावडं, एवढं सामान डिकीत कायम.

शेताचं म्हणाल तर रो मादीच्या शिकारीचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, म्हणजे नेमका चिखलाचा. त्या काळात गाडी खडी टाकलेल्या जागेवर ठेवा आणि चालत जा. रो मादी २० किलोच्या आसपास भरते, प्लास्टिकच्या घसरगाडीवर एकटा माणूस ओढून आणतो. शरदात पेरलेल्या गव्हातून गाडी घातलीत तर त्या चाकोऱ्या कापणीपर्यंत दिसतात, आणि परवानगी त्याआधीच जाते.

ऑगस्टमध्ये उलट धोका. कापणी झालेल्या शेतात कबुतरांसाठी बसताना गाडी कोरड्या धसकटांवर उभी करू नका. पेट्रोलच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही चालून आल्यावर इतका तापलेला असतो की खाली अडकलेलं काड पेटतं. बांधावर उघडी माती बघून लावा.

इन्शुरन्सवाल्याला फोन करून दोन गोष्टी विचारा: पॉलिसीत स्टेशनपर्यंतचा रोजचा प्रवास धरलाय का, आणि खासगी शेतात चालवलेली गाडी कव्हर आहे का.

पाना_नं_१७

एक पुरवणी. शेतातून आल्यावर सोमवारी मोटरवेवर ६० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंटला पैसे घालू नका. रिमच्या आतल्या बाजूला मूठभर चिकणमाती वाळून बसलेली असते आणि चाकाचा तोल जातो. बाहेरून धुतलेल्या चाकात ती दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून पाइपचं पाणी मागच्या बाजूने मारा, मागच्या चाकांना आडवं होऊन. ब्रेकच्या पत्र्यामागचे खडेही त्यातच निघतात.