लाइटखालची शेवंती: पाला भरपूर, आठ आठवडे झाले तरी फूल नाही

प्रश्न – देठ

६० × ६० सें.मी.च्या ग्रो टेंटमध्ये (दिव्याखाली रोपं वाढवायचा बंद तंबू) शेवंतीची ४ रोपं आहेत. कुंड्या १५ सें.मी.च्या, कोकोपीट आणि पर्लाइट ७०:३०, वर १०० वॉटचा पांढरा एलईडी. छाट्यांना मुळं फुटल्यावर १६ तास उजेड दिला. नंतर टायमर सकाळी ७ ते संध्याकाळी ७ असा लावला, त्याला ८ आठवडे झाले. रात्री टेंटमधलं तापमान २६ ते २७ अंश. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. शेंडा दोनदा खुडला आहे, दुसऱ्यांदा १२ तासांवर आणल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात.

चेनजवळच्या दोन रोपांना नुसता पाला आहे. मागच्या दोघांच्या शेंड्यावर वाटाण्यापेक्षा लहान, घट्ट हिरवी कळी आहे; ती बरेच दिवस तशीच आहे आणि तिच्याखालची पानं अरुंद, पट्टीसारखी, खाचा नसलेली आली आहेत. टेंट आहे त्या खोलीत रात्री ११ पर्यंत दिवा चालू असतो. ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत) सुरू करू का?

उत्तर १ – सांजवात

०:५२:३४ आत्ता नको. तुमच्या वर्णनातच कारण दिसतंय: चेनपासूनच्या अंतराप्रमाणे लक्षण बदलतंय. चेनीतून खोलीतला उजेड आत जातोय.

शेवंतीला फुलावर यायला रात्रीचा सलग अंधार लागतो. हॅमनर आणि बॉनर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये शंकेश्वर या तणावर हे दाखवलं होतं. लांब रात्रीच्या मध्ये काही मिनिटं उजेड पाडला की फूल येत नाही. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर काहीच फरक पडत नाही. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा हिशेब ठेवतं आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश त्याला सर्वांत जास्त कळतो. म्हणून फोटोच्या डार्करूमसारखा लाल बल्ब ‘सुरक्षित’ समजून लावू नका, इथे तोच सर्वांत घातक. रात्री काही करायचंच असेल तर मंद हिरवा दिवा, तोही मिनिटभर, आणि रोज नाही.

किती उजेड पुरतो? व्यापारी शेवंतीत फूल मुद्दाम लांबवायचं असतं तेव्हा मध्यरात्री साधारण ४ तास १०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास दिवे लावतात. बैठकीच्या खोलीत एवढा उजेड सहज असतो. अंधाराच्या वेळी पानांवरचा उजेड शून्याच्या जितका जवळ न्याल तितकं बरं. राउटरच्या ठिपक्याएवढ्या दिव्याची किंवा चांदण्याची काळजी करू नका. पौर्णिमेचा उजेडही अर्ध्या लक्सच्या खालीच असतो.

तुमची अडकलेली कळी म्हणजे क्राउन बड. शेवंतीत कळी धरायला दिवस साधारण साडेचौदा तासांहून लहान असला तरी चालतो, पण ती कळी पुढे वाढायला तो साडेतेरा तासांहून लहान लागतो (जातीप्रमाणे आकडे थोडे सरकतात). मागच्या दोन रोपांवर उजेड अंधुक पोचला, त्यांनी कळी धरली आणि तिथेच थांबली. चेनजवळच्यांवर जास्त पडला, त्यांना दिवस सकाळी ७ ते रात्री ११ असाच वाटतोय.

गळती शोधायची सोपी रीत: रात्री खोली पूर्ण काळोखी करा, टेंटमधला दिवा लावा आणि बाहेरून सगळ्या बाजूंनी बघा. जिथून उजेड बाहेर येतो तिथूनच आत जातो. डोळे अंधाराला सरावायला १० मिनिटं द्या, नाहीतर बारीक भोकं दिसत नाहीत. चेन, शिवणी, वायर घालायची तोंडं आणि खालच्या हवेच्या जाळ्या हमखास सापडतात. शिवणींवर आतून काळी फॉइल टेप, चेनीवर टेंटच्या बाहेरच्या बाजूने काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकचा पडदा (काळी बाजू आत, पांढरी बाहेर), दोन्हीकडे १० सें.मी. जास्त.

उत्तर २ – वाफसा

वरचं निदान बरोबर आहे, पण गळती बुजवताना हवा कोंडू नका. अंधारातली उष्णता हे शेवंतीच्या उशिराचं दुसरं मोठं कारण आहे. कळी धरायला रात्री १६ ते १८ अंश उत्तम. रोज रात्री २४–२५ च्या वर राहिलं तर बऱ्याच जाती रेंगाळतात, कळ्या असमान येतात, आणि तुम्ही आधीच २७ वर आहात. जाळ्या टेपने बंद केल्या की आणखी दोनतीन अंश सहज चढतील.

उपाय म्हणजे एक्झॉस्ट पंखा रात्रीही चालू ठेवायचा आणि हवेच्या प्रत्येक तोंडाला काटकोनात दोन वळणं असलेला डक्ट लावायचा, आतून काळा. हवा वळते, उजेड वळणावरच जिरतो. डक्ट आतून चकचकीत चंदेरी असेल तर उजेड परावर्तित होत आत पोचतो. ही चूक फार जणांची होते. एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा, गरम होणारा डबा) शक्य असेल तर टेंटबाहेर काढा. अंधाराची वेळ दिवसातल्या सर्वांत थंड तासांत बसवा, म्हणजे संध्याकाळी ६ ते सकाळी ७.

टायमरही तपासा. चाकाचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. दिवे भलत्याच वेळी लागायला लागतात आणि लक्षातही येत नाही. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

आता खुडण्याबद्दल. शेंडा खुडायचा तो लांब दिवसांत. त्यानंतर बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणारे फुटवे) ३ ते ५ सें.मी. होईपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, १६ तास उजेड ठेवायचा आणि मग दिवस लहान करायचा. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात खुडलंत तेव्हा शेंड्यात सूक्ष्म कळी धरायला सुरुवात झालेली असू शकते. ती गेली, आणि नव्या फुटीला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. गळती नसती तरी या एका खुडणीने दोनतीन आठवडे गेले असते.

उत्तर ३ – पालाश

खताबद्दल थोडं. स्फुरद वाढवल्याने शेवंती फुलावर येत नाही, रात्र चुकली असेल तर कुठल्याच खताने येणार नाही. नत्राचा अतिरेक पाला वाढवतो आणि फूल थोडं लांबवतो, पण ८ आठवड्यांत १ ग्रॅमच्या मात्रेने एवढा उशीर होणार नाही. तेच खत चालू ठेवा, पाण्याचा पीएच ५.८ ते ६.२, आणि कळीत रंग दिसू लागला की खत निम्मं करून पुढे बंद करा. कोकोपीट असल्यामुळे कॅल्शियम मात्र द्या. १९:१९:१९ मध्ये ते नसतं. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या पाण्यातून द्यायचं, एकाच द्रावणात मिसळलं तर साका बसतो.

एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होतं. उजेडाचे तास कमी केले की रोपाला मिळणारा एकूण प्रकाशही घटतो. १६ तासांवरून ११ वर आलात तर ३१ टक्के कमी. २०० मायक्रोमोलवर (पानांवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशाचं माप) १६ तास म्हणजे दिवसाला एकूण ११.५ मोल, तेवढंच ११ तासांत द्यायचं तर २९० मायक्रोमोल लागतात. म्हणून दिवा खाली घ्या किंवा डिमर वाढवा. प्रकाश कमी पडला तर कळ्या धरूनही बारीक राहतात, काही आंधळ्या होतात (फूल देत नाहीत), आणि फुलायला आठवडाभर जास्त लागतो.

पुन्हा देठ

रात्री बघितलं. चेनीच्या खालच्या टोकाला बोटभर फट आहे आणि पंख्याच्या डक्टमधून सरळ उजेड येतो. खोलीतला दिवा चालू असताना चेनजवळच्या पानांवर ४५ लक्स, मागे ८. आता बुजवल्यावर अडकलेल्या कळ्यांचं काय करायचं? आणि आठवडे कुठून मोजायचे?

उत्तर ४ – सांजवात

८ आणि ४५ मधला फरक तुमच्या रोपांवर जसाच्या तसा उमटलाय.

आठवडे पहिल्या पूर्ण काळोखाच्या रात्रीपासून मोजा, आधीचे धरू नका. ११ तास उजेड, १३ तास अंधार. तिसऱ्या ते चौथ्या आठवड्यात शेंड्यावर कळी डोळ्यांना दिसली पाहिजे. शेवंतीच्या जाती ‘किती आठवड्यांत फुलते’ यावरून ओळखतात. कुंडीतल्या बहुतेक ७ ते १० आठवड्यांच्या असतात. जात माहीत नसेल तर १० धरून चला. एखादी रात्र चुकली तर सगळं वाया जात नाही, पण रोजची गळती काहीच पुढे जाऊ देत नाही. कळ्यांना रंग येईपर्यंत अंधार पाळा.

क्राउन बड काढून टाका. ती फुललीच तर लांब मानेवर एकटी, वेडंवाकडं फूल देते, आणि तोवर खालच्या बगलफुटी अडवून धरते. कळी आणि तिच्याखालची पट्टीसारखी दोनतीन पानं एकत्र खुडा. खालच्या फुटींना यावेळी लांब दिवस देऊ नका, त्या आधीच लांबल्या असतील. चेनजवळच्या दोघांना हात लावू नका, त्यांचे शेंडे शाबूत आहेत.

जुनी पानंही ओरबाडू नका. रात्र किती मोठी हे पान ओळखतं, शेंडा नाही. चैलाख्यान या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात शेवंतीवरच ते दाखवलं होतं. म्हणूनच नुसत्या शेंड्यावर पिशवी घालून उपयोग होत नाही, झाकण कुंडीपर्यंत आलं पाहिजे.

चौथा आठवडा संपला, लक्स शून्य आहे, रात्री २० अंशाच्या आसपास आहेत आणि तरीही कळी नाही, तर छाटे कुठून घेतले ते सांगा. फुलून गेलेल्या झाडाच्या मुनव्यांपासून (बुडातून येणारे फुटवे) केलेली काही रोपं जमिनीलगत चक्रासारखी बसून राहतात. त्यांना आधी ५ अंशाच्या आसपास ३ ते ४ आठवडे थंडी लागते. तुमची उंच वाढली आहेत, त्यामुळे तसं वाटत नाही.