मेळाव्यात आपण अँप्लिफायर ऐकतो की व्हॉल्यूमची कळ?

अर्धा डेसिबल

गेल्या रविवारी कर्वेनगरात झालेल्या हेडफोन मेळाव्याचा वृत्तान्त ‘खर्जातला’ या टोपणनावाच्या सदस्यांनी या चर्चामंचावर लिहिला आहे. त्यात ते म्हणतात की सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन डोंगलवरून (फोनला जोडायच्या बोटभर अडॅप्टरवरून) काढून व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अँपला जोडला आणि गायकासमोरचा पडदा दूर झाला. पुढे म्हणतात की डोंगलवर ऐकणाऱ्यांनी आपण संगीत ऐकतो असे यापुढे म्हणू नये. पहिल्या वाक्याकडे मी दुर्लक्ष केले असते. दुसरे त्यांनी मागे घ्यावे, म्हणून हा धागा काढावा लागला.

मी त्या टेबलापाशी, त्यांच्याच मागे रांगेत उभा होतो. आधीच्या गृहस्थांनी कमी पातळीचे काहीतरी ऐकताना अँपची कळ बरीच वर नेऊन ठेवली होती. खर्जातला यांनी वायर बदलली, कळेला हात न लावता डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली. दोन उपकरणांच्या पातळीत एका डेसिबलचा फरक असला तरी कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘भरीव’ वाटतो. म्हणून तुलना करायची तर पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून घ्यावी, हा साधा दंडक आहे. त्यासाठी एक किलोहर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरने दोन्ही अँपचे व्होल्ट सारखे करावे लागतात आणि या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्या दिवशी बावीस माणसे होती, चौदा अँप होते आणि मल्टिमीटर एकही नव्हता.

आता ‘डोंगलला तो हेडफोन ओढवत नाही’, म्हणजे पुरेसा मोठा वाजवता येत नाही, या समजुतीविषयी. एचडी ६५० ला एक व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल देतो आणि अ‍ॅपलचा साधा डोंगल जवळजवळ एक व्होल्ट देतो. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी शिखरापेक्षा, म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा, वीस डेसिबल खाली धरली, तरी ८३ उरतात. रात्री दार लावून ऐकणाऱ्याला याहून किती हवे?

खर्जातला

मी कळेला हात लावला नाही हे आपण पाहिलेत. मी ती आधीच तपासली होती हे मात्र आपल्या नजरेतून सुटले. असो. आपले गणित गुळगुळीत ध्वनिमुद्रणांना लागू पडते. माझ्याकडे रेडिओवरून टेप केलेल्या मैफली आहेत, त्यांची शिखरेच दहा-बारा डेसिबल खाली आहेत. तेथे डोंगल पूर्ण उघडला तरी विलंबित आलापाच्या वेळी छताचा पंखा अधिक स्पष्ट ऐकू येतो.

मी तीस वर्षे तंबोरे ऐकत आलो आहे, काही वर्षे लावतही आलो आहे. जवारी, म्हणजे तारेचा झणकार, नीट लागली की नाही, हे सुताचा धागा एका केसाएवढा सरकवून कानानेच ठरवतात. त्यासाठी मल्टिमीटर घेऊन बसलेला तंबोरेवाला मी तरी मिरजेत पाहिलेला नाही. त्या दिवशी व्हॉल्व्हच्या अँपवर खर्जाची तार सुटी होऊन उभी राहिली. डोंगलवर ती बाकीच्या तारांत मिसळून गेली होती. याला आपण भास म्हणणार असाल तर खुशाल म्हणा.

शिवाय मेळाव्यात नाही ऐकायचे तर कोठे ऐकायचे? या शहरातल्या दुकानात तीनशे ओहमचा हेडफोन मागितला की सीलबंद खोका समोर येतो आणि ‘उघडला तर घ्यावा लागेल’ असे सांगितले जाते.

ओहमकार

दोघेही अर्धे बरोबर आहात, आणि दोघांनाही ते आवडणार नाही.

एचडी ६५० चा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) नावाला ३०० ओहम असला तरी ऐंशी-नव्वद हर्ट्झच्या आसपास तो सुमारे ५०० पर्यंत चढतो. मेळाव्यातला व्हॉल्व्हचा अँप ट्रान्सफॉर्मर नसलेला होता आणि मालकाने सांगितल्याप्रमाणे त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा विरोध, शंभर ओहमच्या घरात आहे. व्होल्टेजची विभागणी करून पाहा: ३०० ला पाऊण हिस्सा मिळतो, ५०० ला पाच-षष्ठांश. म्हणजे खर्जाच्या पट्ट्यात जवळजवळ ०.९ डेसिबलची वाढ झाली. डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स एका ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे त्यावर ही वाढ नगण्य राहते. तेव्हा खर्जातला यांना जे ऐकू आले ते खरेच होते, आणि अर्धा डेसिबल यांनी एक किलोहर्ट्झला पातळी कितीही जुळवली असती तरी ते ऐकू आलेच असते.

फक्त त्याचे श्रेय अडीच लाखांच्या अँपला देऊ नये. डोंगल आणि हेडफोन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना शंभर ओहमचा एकेक रेझिस्टर लावला, तर तोच उठाव दोन-चार रुपयांत मिळतो. पातळी अडीच डेसिबलने उतरेल, एवढेच.

जाता जाता: साध्या मल्टिमीटरचा एसीचा भरवसा विजेच्या ५० हर्ट्झच्या जवळपास असतो. एक किलोहर्ट्झला तो काय दाखवील ते देवच जाणे.

अर्धा डेसिबल

चुकीचा तराजू दोन्ही वेळा सारखाच चुकतो, ओहमकार. मला व्होल्ट मोजायचे नाहीत, दोन आकडे सारखे करायचे आहेत. खर्जाच्या उठावाचा मुद्दा मान्य करणे भाग आहे, म्हणून करतो. पण मग त्याला पडदा दूर होणे म्हणू नका, खर्ज वाढवणे म्हणा. ते काम इक्वलायझर फुकट करतो.

पॅडवाला

आपली विद्वत्ता चालू द्या, पण ज्याच्यामुळे सर्वांत मोठा फरक पडतो त्याविषयी कोणीच बोलत नाही. त्या टेबलावरचा एचडी ६५० माझा होता. सकाळी मी त्याला नवे मखमली पॅड लावून आणले होते. संध्याकाळी घरी नेला तेव्हा डाव्या पॅडला खोबरेल तेलाचा दर्प येत होता आणि मखमल चप्प बसली होती. पॅड दबला की ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) कानाच्या जवळ येतो, कडेची फट बदलते आणि खर्जापासून तारापर्यंत सगळेच सरकते. तुमच्या ०.९ डेसिबलचे कौतुक त्यापुढे काय? पॅडच्या एका जोडीसाठी दोन हजारांहून अधिक मोजावे लागतात. रविवारी न्हाऊन, वर तेल थापून दुसऱ्याचा हेडफोन डोक्यावर चढवणाऱ्यांना काही वाटते का?

तेलकट

रोख माझ्याकडे आहे हे मला कळते, कारण त्या दिवशी हॉलमध्ये केस असलेला आणि ते विंचरून आलेला मी बहुधा एकटाच होतो. आमच्या घरी रविवारी डोक्याला तेल लागते. आईने लावलेले आहे, हेडफोनचा मेळावा आहे म्हणून ते पुसून येणार नाही. आपल्याला आपली वस्तू एवढी जपायची होती तर ती टेबलावर मांडायची नव्हती. मी माझा प्लेनर (सपाट पडद्याचा हेडफोन) बावीस जणांना दिला. एकाने तो मानेत अडकवून बटाटेवडा खाल्ला, तरी मी अवाक्षर काढले नाही.

पॅडवाला

वडा खाणारा मी नव्हतो. आणि तुमच्या प्लेनरच्या पॅडवर कृत्रिम चामडे आहे, ते ओल्या फडक्याने पुसता येते. मखमल पुसता येत नाही, धुवावी लागते, आणि धुतली की ती पहिल्यासारखी फुगत नाही. हा भेद न समजणाऱ्याने प्लेनर तरी कशाला घ्यावा?

तेलकट

चारशे पन्नास ग्रॅमचे लोढणे डोक्यावर पेलायला मान लागते, म्हणून घेतला. दोन हजारांसाठी जाहीर पंचनामा करायचा असेल तर रक्कम कळवा, मी पाठवून देतो. पावतीवर ‘खोबरेल तेलाचे नुकसान’ असे लिहून द्यावे, आईला दाखवीन.

खर्जातला

म्हणजे मी ऐकलेला पडदा तेलाचा होता तर! अर्धा डेसिबल, नोंद घ्यावी.

यजमान

घर माझे होते, म्हणून बोलतो. पुढील वेळी प्रत्येक हेडफोनसाठी सुती आवरणे ठेवीन. धुण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची राहील. आवरणामुळे तार सप्तक मंदावते असे कोणी लिहिण्याआधीच सांगतो की मला ते ठाऊक आहे. पंखे बंद करता येणार नाहीत. ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे, हेडफोन पंख्याखाली ऐकून बारकाव्यांवर वाद घालणे किती शहाणपणाचे, हे मी तुम्हा सर्वांना चहा देताना तीनदा विचारले होते. कानावर हेडफोन असल्यामुळे कोणालाच ऐकू गेले नाही. ज्यांच्या लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरमुळे अँपमध्ये गुणगुण येत होती, त्यांनी तरी बॅटरीवर चालवावे.

खर्जातला

यजमानांचा राग योग्य आहे. परंतु अर्धा डेसिबल यांना माझा एक प्रश्न राहिला. मापांवर आपला एवढा विश्वास आहे, तर आपल्या घरी अठ्ठेचाळीस हजारांचा अँप का आहे? तो मी मेळाव्यात पाहिला. आपण तो टेबलाच्या कोपऱ्यात, पिशवीच्या आड ठेवला होता.

अर्धा डेसिबल

विचारलेतच, तर सांगतो. तो अँप मी तीन वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात अर्धा तास ऐकून घेतला. घरी आणल्यावर महिनाभर मी आपण वृत्तान्तात वापरले आहेत तेच शब्द वापरत होतो, ‘पडदा’ धरून. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिने शाळेच्या प्रयोगासाठी म्हणून विचारले, की बाबा, तुम्हाला न बघता ओळखता येईल का? आम्ही पातळी जुळवली. ती पाठीमागे बसून नाणे उडवायची आणि छापा-काट्याप्रमाणे वायर बदलायची किंवा बदलल्याचे नाटक करायची. सोळापैकी बारा ओळखले असते तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. मी नऊ ओळखले. तिने ते वहीत सुबक अक्षरात, तक्ता आखून लिहिले आणि शिक्षकांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. अँप परत घेणारा कोणी भेटला नाही.

ओहमकार

आपला हेडफोन कोणता होता? बत्तीस ओहमचा असेल आणि दोन्ही अँपचा आउटपुट इम्पिडन्स कमी असेल, तर नऊ येणारच होते. त्यावरून व्हॉल्व्हच्या अँपविषयी काहीही सिद्ध होत नाही.

अर्धा डेसिबल

बत्तीसचाच होता. हेही मान्य. आता पुरे.

खर्जातला

मग तीच परीक्षा एचडी ६५० आणि व्हॉल्व्हच्या अँपवर मी देतो, माझ्या टेपवर, माझ्या तंबोऱ्यावर. बारा आले तर आपण ते दुसरे वाक्य मागे घेण्याचा आग्रह सोडावा. आठ आले तर मी वृत्तान्तातून ‘पडदा’ काढून टाकीन. बाकीचा वृत्तान्त तसाच राहील. वायर बदलायला मात्र आपली कन्याच हवी, आपण नकोत.

तेलकट

मी बघायला येईन. शनिवारी न्हाईन.

पॅडवाला

हेडफोन माझा आहे, हे कोणी विचारात घेतले आहे का?