रेफरन्समध्ये 'सीरिया' लिहिलं म्हणून पैसे अडकले, हा नक्की कुठला कायदा?

लेस्टरचा_मिलिंद:
मंडळी एक शंका आहे, जरा लांबण लागेल. फेब्रुवारी २०२३ ला तुर्की-सीरियात भूकंप झाला तेव्हा आम्ही इथल्या मराठी लोकांनी एका हॉलमध्ये वडापाव-मिसळ विकून ६४० पौंड जमवले. अर्धे तुर्कीसाठी अर्धे सीरियासाठी, दोन्ही एकाच ब्रिटिश चॅरिटीच्या खात्यात, मीच माझ्या फोनवरून पाठवले. तुर्कीचे लगेच गेले. सीरियाचे ३२० अडकले, का तर पैसे पाठवताना शेऱ्याचा जो रकाना असतो ना, त्या रेफरन्समध्ये 'सीरिया भूकंप' लिहिलं होतं. मग बँकेचे फोन, पैसे कुठून आले, शेवटी कोणाच्या हातात जाणार, तुमचा त्या देशाशी संबंध काय. अहो संबंध काय असणार, मी मूळचा कराडचा! अकरा दिवसांनी सुटले एकदाचे. चॅरिटीतल्या बाई म्हणाल्या पुढच्या वेळी नुसतं 'भूकंप' लिहा.

हे आत्ता आठवलं भाचीमुळे. ती लीड्सला शांतता-वाटाघाटी वगैरे विषयात एमए करतेय, नंतर नैरोबीला जायचंय म्हणते. तिचं म्हणणं, बंदी असलेल्या गटाला 'बंदूक ठेवा, बोलणी करा' हे शिकवलं तरी अमेरिकेत जेल होऊ शकते. मला वाटलं काहीतरीच सांगतेय. खरंय का? ताईने मला विचारलंय, आणि मी पडलो अकाउंट्सवाला.

कोर्टकचेरी:
भाची बरोबर सांगतेय. २०१० चा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, होल्डर विरुद्ध ह्युमॅनिटेरियन लॉ प्रोजेक्ट. या संस्थेला पीकेकेला, म्हणजे तुर्कीविरुद्ध लढणाऱ्या कुर्दांच्या सशस्त्र गटाला, शिकवायचं होतं की तुमची गाऱ्हाणी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करून मांडा, आंतरराष्ट्रीय कायदा वापरा. सोबत श्रीलंकेतल्या एलटीटीईचाही मुद्दा होता पण ती २००९ लाच संपली. कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की हेही 'मटेरियल सपोर्ट', म्हणजे दहशतवादी गटाला मदत केल्याचा गुन्हा. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा तर्क असा की तुम्ही फुकट शिकवलंत की त्यांचा तेवढा पैसा-माणूस हिंसेसाठी मोकळा होतो, शिवाय त्यांना प्रतिष्ठा मिळते. तुमचा हेतू चांगला होता याला अर्थ नाही, गट अमेरिकेच्या दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे हे माहीत होतं ना, बास. शिक्षा आता २० वर्षांपर्यंत.

आणि गंमत बघा, त्या कायद्यात सूट फक्त औषधं आणि धार्मिक साहित्याला. तांदळाला नाही, तंबूला नाही. कुठल्या सद्गृहस्थाने ही यादी केली देव जाणे.

नैरोबीची_शुभा:
मी २०१० ते १२ नैरोबीत एका मदत संस्थेच्या हिशेबात होते, सोमालियाचं काम तिथूनच चालायचं. मिलिंद, जेलमध्ये जाताना मी एकालाही पाहिलं नाही. त्रास वेगळाच असतो. तेव्हा दक्षिण सोमालियाचा बराच भाग अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाच्या ताब्यात, २००८ पासून तो गट अमेरिकेच्या यादीत. ट्रक गेला की नाक्यावर कोणीतरी पैसे मागणारच, आणि ते दिले की तुम्ही दहशतवाद्यांना पैसे दिले. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरचं, गोदामवाल्याचं, तांदूळ देणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव कॉम्प्युटरवर यादीशी जुळवायचं. आता तिथे आडनाव नसतं, स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं नाव असं चालतं, त्यात मोहम्मद, अब्दी, हसन हीच नावं फिरून फिरून, स्पेलिंग दर कागदावर निराळं. एकदा एक ड्रायव्हर 'जुळला', तर त्याचा जन्मदिनांक आणा म्हणाले. त्याला एवढंच माहीत होतं की मोठा पाऊस झाला त्या वर्षी जन्मलो. ट्रक चार दिवस उभा.

जुलै २०११ ला दुष्काळ जाहीर झाला, त्यानंतर ऑगस्टमध्ये अमेरिकेने नियम सैल केले. त्या संकटात साधारण २ लाख ५८ हजार माणसं गेली, निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची पोरं. सगळा दोष कायद्याचा नाही, अल-शबाबनेच कितीतरी संस्था हाकलून लावल्या होत्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कायद्याच्या धास्तीने जे आधीच थांबलं होतं त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

कट्ट्यावरचा_देशपांडे:
शुभाताई आदर आहे, पण दुसरी बाजूपण बघा ना. मी मुंबईकर आहे. लष्कर-ए-तैयबावर बंदी आली की तीच माणसं जमात-उद-दावा म्हणून पुढे, २००५ च्या काश्मीर भूकंपात पाकिस्तानच्या बाजूला तंबू-दवाखाने घालून पुण्य मिळवलं, आणि २६/११ झाल्यावर डिसेंबर २००८ ला कुठे संयुक्त राष्ट्रांनी त्यांचं नाव यादीत घातलं. म्हणूनच डिसेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेत मदतकार्याला निर्बंधांतून सूट देणारा ठराव २६६४ आला तेव्हा १४ देश बाजूने आणि भारत एकटा तटस्थ. आपल्या शेजारी काय चालतं ते आपल्यालाच माहीत.

नैरोबीची_शुभा:
देशपांडे, मुद्दा मान्य, पण ते लोक सापडले ते पोलीस-गुप्तचरांच्या कामामुळे, मिलिंदचे वडापावचे पैसे अकरा दिवस अडवून नाही. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं. अल-बरकात बघा, सोमालियात घरी पैसे पाठवायची सगळ्यात मोठी पेढी, नोव्हेंबर २००१ ला अमेरिकेने बंद पाडली, नंतर ९/११ आयोगाच्या तपासणीत दहशतवादाला पैसे पुरवल्याचा पुरावा काही मिळाला नाही. तोवर किती घरांचा किराणा थांबला असेल.

टोरांटोची_आज्जी:
आमच्याकडे कॅनडात तर तालिबानचं सरकार आलं आणि अफगाणिस्तानातल्या साध्या व्यवहारावरचा करही 'दहशतवाद्यांना पैसा' झाला! वर्ल्ड व्हिजन या मदत संस्थेला २०२२ मध्ये कुपोषित मुलांच्या खाऊचे दोन कंटेनर रद्द करावे लागले. कायदा बदलायला जून २०२३ उजाडलं.

मेळघाट_वारी:
भारतातलं पण लिहा कोणीतरी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, हा काही दहशतवादाचा कायदा नव्हे, पण देशाच्या सुरक्षेचं कारण तिथेही पुढे करतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरवायची, आणि एका संस्थेने दुसरीला ती द्यायची नाही. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या संस्था मोठ्या संस्थेच्या हातानेच पैसे घ्यायच्या, ते संपलं. आमचं आश्रमशाळेतलं आरोग्याचं काम त्या वर्षी बंद पडलं, वजनकाटा अजून आमच्या पडवीत आहे.

लेस्टरचा_मिलिंद:
बापरे. पण भाची ना अमेरिकन, ना अमेरिकेत शिकतेय, तिला काय फरक पडतो?

कोर्टकचेरी:
पडतो. तो अमेरिकन कायदा देशाबाहेरही लागू होतो, आणि संस्था अमेरिकन सरकारचे पैसे घेत असेल तर तीच अट करारातून खालपर्यंत येते. ब्रिटनचे स्वतःचे कायदे आहेतच, २००० चा टेररिझम अ‍ॅक्ट तिला वाचायला सांग.

नैरोबीची_शुभा:
आणि नोकरी घेताना एवढं विचारायला सांग की चेकपोस्टवर पैसे मागितले तर मी काय करायचं, आणि तुम्ही ते लेखी द्याल का. लेखी देत नसतील तर दुसरीकडे बघावं.

लेस्टरचा_मिलिंद:
सांगतो. यंदा परत स्टॉल आहे आमचा. रेफरन्समध्ये नुसतं 'वडापाव' लिहू का?

कट्ट्यावरचा_देशपांडे:
नको, हा वडापाव कोण, जन्मदिनांक द्या म्हणतील.